पाहुणीला वास येऊ नये म्हणून

पेल क्रीक गावानं आजवर स्वतःच्या डोक्यानं एकच कायदा केला, आणि तो राजधानीत एका दुपारी मोडला गेला. त्याआधीचे आमचे नियम म्हणजे कुत्र्याला दोरी बांधा, अंत्ययात्रेच्या गाड्यांना वाट द्या, असले. ते राहिले काय, गेले काय, कुत्र्यांखेरीज कुणाला फरक पडत नव्हता. हा नियम मात्र आम्ही दोन हिवाळे एकमेकांशी भांडून केला होता: कुणाच्याही राहत्या घरापासून मैलभराच्या आत डुकरांची मोठी शेड बांधायची नाही.

गावच्या समितीत मी तेव्हाही होते, अजूनही आहे. पोटापाण्यासाठी मेन स्ट्रीटवर माझं केस कापायचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. माणसाच्या डोक्यावर गरम पाणी ओतलं की तो खरं बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे गावाला काय वाटतं हे समितीच्या बैठकीपेक्षा मला दुकानातच जास्त कळतं.

तर राजधानीत विधिमंडळानं ठरवलं की राज्याच्या नियमापेक्षा कडक नियम कुठल्याही गावाला किंवा काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, करता येणार नाही. राज्याचा नियम म्हणजे पाव मैल. कायद्याचं नाव ‘शेतकरी स्वातंत्र्य कायदा’. शेड बांधणारी कंपनी दुसऱ्या राज्यातली, तिच्या मालकांपैकी एकानंही कधी मक्याचा दाणा पेरला नसेल, पण स्वातंत्र्य मिळालं ते तिला.

आणि हा कायदा मांडणारा आमदार कोण, तर आमचाच वेंडेल टब्स. शाळेत होता तेव्हापासून त्याचे केस मी कापते. निवडणुकीत त्याच्या पाट्या घराघरापुढे लागल्या होत्या, ‘आपल्या गावचा कारभार आपणच करू’. आम्ही सगळ्यांनी त्याला मत दिलं. मीसुद्धा दिलं. त्याच्या विरोधातला माणूस नदीपलीकडचा होता आणि अग्निशमन दलाच्या पंगतीत त्यानं तळलेला मासा काट्याचमच्यानं खाल्ला होता. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही म्हणा. गावाच्या टोकाला ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, वस्ती आहे, तिथल्या बायकांना परसात चारचार कोंबड्या पाळायच्या होत्या. समितीनं मनाई केली. त्या बैठकीला येऊन म्हणाल्या, “तुम्ही कुणी तिथं राहत नाही, आमचं आम्हाला ठरवू द्या.” आम्ही म्हटलं, नियम सगळ्या गावाला एकच हवा. वेंडेलनं तेच राजधानीत म्हटलं, फक्त त्याच्या मागे झेंडा होता.

पहिली शेड उत्तरेला उभी राहिली. आत हजारो डुकरं, खाली त्यांच्या घाणीचा हौद, आणि भिंतीत माणसाच्या उंचीचे पंखे, जे आतली हवा बाहेर म्हणजे आमच्याकडे फेकतात. वर्षातून दोनदा हौद उपसून शेतात पसरतात. त्या दिवसांत गाव नाक मुठीत धरून जगतं. मी वर्णन करत बसत नाही, तुम्ही जेवून आला असाल.

पण माझी झोप उडवली ती दुसऱ्या शेडनं. ती होणार होती माझ्या थोरल्या भावाच्या, गसच्या, घरासमोर, रस्त्यापलीकडे, बरोबर पाव मैलावर. गसची छाती उभं आयुष्य धान्याच्या कोठारातली धूळ खाऊन गेली आहे. ऑक्सिजनची नळी नाकाला लावून तो खिडकीशी बसलेला असतो, आणि त्या खिडकीच्या फटी माझ्या वहिनीनं, व्हर्लीननं, चिकटपट्टीनं बंद केलेल्या असतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, समोर दुसरी शेड आली तर हा माणूस त्या घरात राहू शकणार नाही. त्याच घरात तो जन्मला आणि मीही. बापानं लावलेली अक्रोडाची झाडं आहेत. गसला घराबाहेर काढणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं.

कायद्यात एक पळवाट मात्र होती. वेंडेलनं दिलदारपणा दाखवायला ती ठेवली होती, कुणी वापरेल असं त्याला वाटलं नसावं. एखाद्या स्वतंत्र अभ्यासात गावाला मोठा त्रास होतो असं आढळलं, तर राज्याचं मंडळ तेवढ्या एका शेडपुरतं अंतर वाढवू शकत होतं. आणि एका सकाळी रेडिओवर मी एका विद्यापीठातल्या बाईची मुलाखत ऐकली. राज्यानं गावांचे कायदे रद्द केले की तिथल्या लोकांचं काय होतं, यावर ती अभ्यास करत होती. मी त्याच दिवशी तिला पत्र टाकलं. लिहिलं, या, आमच्याकडे या, आमचं काय झालंय ते बघा. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, पण ते मला नंतर कळलं.

ती आली मे महिन्यात. डॉ. नाओमी स्टर्न, तिशीची, चष्मा, पायात चांगले मजबूत बूट. बूट बघून मला ती आवडली. मंडळाची सुनावणी सप्टेंबरात होती, त्याआधी तिचा अहवाल येणार होता. आठवडाभर ती राहणार होती, आणि गावात ना हॉटेल ना लॉज. पाहुण्याला देण्याजोगी, न्हाणीघर जोडलेली स्वच्छ खोली एकाच घरात आहे. ओपल टब्स यांच्या. म्हणजे वेंडेलच्या आईच्या.

“मीच ठेवून घेईन तिला,” ओपलबाई माझ्या दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या. डोक्याला रोलर लावलेले होते. “पोरीला दुसरीकडे कुठं पाठवताय?”

“तुम्हाला अवघडल्यासारखं होईल,” मी म्हटलं. “ती वेंडेलच्या कायद्याबद्दलच विचारायला येतेय.”

“मला माहितीये ती कशाला येतेय. तू रोलर घट्ट बांधू नकोस.”

ज्या दिवशी नाओमी उतरली त्या दिवशी मी दुकानाचं दार उघडलं आणि दारातच थबकले. हवेत लायलॅकच्या फुलांचा वास होता. नुसत्या फुलांचा. वारा उत्तरेचा, म्हणजे शेडवरून थेट आमच्या तोंडावर, आणि तरी फुलांचा वास. मला काही केल्या उमजेना. मग व्हर्लीन अंडी द्यायला आली.

“छान हवा पडलीये ना?” ती म्हणाली.

“वहिनी, ही हवा पडली नाही. ही कुणीतरी पाडलीये.”

“मी डेरिलला फोन केला होता,” ती साधेपणानं म्हणाली. “म्हटलं, गावात पाहुणी येतेय, आठवडाभर हौदाला हात लावू नकोस आणि तिकडच्या बाजूचे पंखे बंद ठेव.”

डेरिल म्हणजे शेडचा व्यवस्थापक. आमच्याच चर्चमधला, गुणी मुलगा. गावात लग्न असलं, मयत असलं की चर्चच्या महिला मंडळातलं कुणीतरी त्याला फोन करतं, आणि तो दोन दिवस सांभाळून घेतो. कंपनीला कळत नाही, डेरिल बोलत नाही. गावची रीतच पडून गेली आहे. आणि त्या महिन्यात फोन करायची पाळी माझ्या वहिनीची होती.

“अगं, ती तो वास घ्यायलाच आलीये,” मी म्हटलं. “इतक्या लांबून विमानानं आलीये त्या वासासाठी. तुझ्या नवऱ्याच्या खिडकीसाठी आलीये.”

व्हर्लीननं अंड्यांची पेटी खाली ठेवली. “लोर्ना, परक्या बाईला पहिल्याच दिवशी तसल्या घाणीत बसवायचं? लोक काय म्हणतील आपल्याला?”

मी डेरिलला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, पंखे चालू कर. जमलं तर हौदही उपस.

“लोर्ना मावशी, पाहुणी असताना?” तो बिचारा घाबरलाच. “आईला कळलं तर मला घरात घेणार नाही. सोमवारी गेली ना ती, की लगेच करतो.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या तळघरात सगळं गाव जमलं. नाओमीनं सांगितलं होतं की वीसेक माणसांशी बोलायचंय, बाकी काही नको. महिला मंडळाला ‘बाकी काही नको’ हे वाक्य समजत नाही. लांब टेबलावर चीज घालून भाजलेले नूडल्स होते, तीन तऱ्हेची बटाट्याची सॅलड, गाजराचे तुकडे घातलेली हिरवी जेली, हॅम, आणि मधोमध ओपलबाईंचा नारळाचा केक. ओपलबाई स्वतः पुढच्या रांगेत विणकाम घेऊन बसल्या होत्या. आमदाराची आई, सत्तर वर्षं त्याच चर्चमध्ये, गावातल्या निम्म्या बाळंतपणांना सूप घेऊन गेलेली बाई.

नाओमीनं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं, आवाज भरून घेणारं. मग अगदी नम्रपणे विचारलं, “तुमचा नियम राज्यानं रद्द केला, त्यानंतर तुमच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला?”

सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. एकजण केकाकडे बघत होता, एकजण बुटाकडे. सुया टकटक वाजत होत्या. शेवटी नॉर्बर्ट खाकरला. नॉर्बर्ट आमच्या समितीचा अध्यक्ष. याच माणसानं मार्चमध्ये माझ्या खुर्चीत बसून वेंडेलला ज्या शिव्या दिल्या होत्या त्यातल्या दोन मी पहिल्यांदाच ऐकल्या होत्या.

“चाललंय,” नॉर्बर्ट म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे, महापूर आला होता तेव्हा याहून वाईट होतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुराबद्दल बोलायला सगळे तयार होते. कुठं किती पाणी चढलं, कुणाची गाय छपरावर सापडली, यात अर्धा तास गेला. नाओमीनं चिकाटीनं परत विषयावर आणलं. “आणि वास?”

“वारा असेल तसा,” पोस्टातली बाई म्हणाली. हिचे पडदे आम्ही मागच्या उन्हाळ्यात जाळले होते, कारण धुऊन वास जाईना.

“आता सवय झाली,” कुणीतरी मागून म्हणालं.

मग ती म्हणाली, बरं, एक ते दहामध्ये आकडा सांगा, त्रास किती? आमच्या गावाला दहा हा आकडा कुणीतरी मेल्याशिवाय वापरायचा नसतो. पाचाच्या वर गेलं तर तो माणूस स्वतःचं कौतुक करून घेतोय असं समजतात. दोन, दोन, एक, दोन, असे आकडे येत गेले. गसची पाळी आली. नाकात नळी, शेजारी सिलिंडर, बोलताना मध्ये थांबून श्वास घेणारा माझा भाऊ. तो जरा विचार करून म्हणाला, “तीन.” आणि व्हर्लीननं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं चारचौघांत शर्ट काढला असावा.

मग मी उठले. रागानं माझे कान तापले होते. मी म्हणाले, “डॉक्टर, हे सगळे खोटं बोलतायत,” निदान म्हणायला तोंड तरी उघडलं. तेवढ्यात ओपलबाईंनी विणकामातून मान वर केली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. मला त्यांचा हात आठवला, माझ्या आईच्या मयताला त्यांनी माझा दंड धरला होता तो. या बाईच्या देखत तिच्या पोराचं नाव कसं काढायचं?

“सगळे जरा कमी सांगतायत,” मी म्हणाले आणि खाली बसले. केक छान झालाय, असं कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच केकाबद्दल बोलायला लागले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाओमीला माझ्या गाडीत घालून गसकडे निघाले. म्हटलं, चार भिंतींच्या आत तरी खरं दिसेल. वाटेत तिला सगळं सांगून टाकलं. फोनचं, डेरिलचं, पंख्यांचं, पडद्यांचं. ती लिहून घेत होती.

“म्हणजे शेजारी फोन करतात आणि व्यवस्थापक ऐकतो?” तिनं विचारलं.

“लग्नाला आणि मयताला. बाकीचे दिवस आम्ही लग्नही करत नाही आणि मरतही नाही, तेव्हा नाही ऐकत.”

ती हसली, पण तेही लिहून घेतलं. हुशार मुलगी होती, आणि प्रामाणिक. तिच्यावर माझा राग नाही. ज्यानं तोंडच उघडलं नाही त्याचं मन तिनं कुठून वाचायचं?

गसच्या अंगणात गाडी वळवली आणि मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. खिडक्यांच्या चिकटपट्ट्या गायब. काचा लख्ख पुसलेल्या, नवे पडदे, आणि अंगणातल्या दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या. तीन वर्षांत त्या दोरीवर कुणी चिमटा लावला नव्हता. आत गस इस्त्रीच्या शर्टात बसला होता. नाकात नळी नव्हती.

“गस, नळी कुठाय?”

“आहे आत. चर्चचं वेगळं. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर नाकात नळी घालून बसू काय मी?”

तो तासभर तिच्याशी बेसबॉलबद्दल बोलला. दर दोन वाक्यांनी थांबायचा, जणू काही आठवतोय असं दाखवायचा. तो श्वास शोधत होता. मला ते समजत होतं आणि व्हर्लीनलाही समजत होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात ताट हातात धरून उभी होती.

नाओमीनं शेवटी सरळच विचारलं, “तुमची बहीण म्हणते, ही खिडकी तुम्ही तीन वर्षांत उघडलेली नाही.”

“लोर्नाला लहानपणापासून तिखटमीठ लावायची सवय आहे,” गस हसून म्हणाला. “हे बघा, उघडीच आहे की.”

आणि होतीही उघडीच.

मी तिथंच त्याला चार शब्द सुनावायला हवे होते. पण तो फार दमलेला दिसत होता, आणि खूशही, घर किती दिवसांनी पूर्वीसारखं दिसतंय म्हणून. अक्रोडाच्या झाडांतून वारा येत होता. नाओमीनं दोन वेळा कॉफी घेतली. परतताना ती म्हणाली, “किती सुंदर घर आहे.” मी म्हटलं, हो.

सोमवारी ती गेली. मंगळवारी डेरिलनं हौद उपसला.

अहवाल ऑगस्टच्या शेवटी आला. मी तो दुकानात बसून दोनदा वाचला. एक शब्द खोटा नव्हता. पेल क्रीकच्या लोकांनी त्रास सौम्य सांगितला. गावात एकोपा दांडगा. संशोधिकेच्या मुक्कामात वास जाणवला नाही. एका रहिवाशानं वेगळं मत नोंदवलं, तो रहिवासी म्हणजे मी. आणि मग एक अख्खं प्रकरण आमच्या फोनवर. कायदा काढून घेतला तरी शेजारधर्म त्याची जागा कशी घेतो, याचं हे उदाहरण पुढे तपासून बघण्याजोगं आहे, असं तिनं लिहिलं होतं. ते मी गाडीत सांगितलेलंच होतं सगळं, माझ्या थट्टेसकट.

सुनावणीला मी आणि नॉर्बर्ट राजधानीत गेलो. वेंडेल छान सूट घालून आला होता, मला बघून त्यानं मिठी मारली. मग उभा राहून त्यानं फोनचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. “माझं गाव आहे हे,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दाटून आला होता. “जिथं माणसं अशी आहेत तिथं नियम कशाला हवेत?” मी बोलायला उठले तर मंडळाच्या बाईंनी विचारलं की अहवालातलं वेगळं मत तुमचंच ना, मग ते नोंदलेलं आहे. पाच मिनिटांत कंपनीला दुसऱ्या शेडची परवानगी मिळाली. नॉर्बर्टनं बाहेर आल्यावर त्या दोन शिव्या पुन्हा दिल्या, आता काय उपयोग.

ऑक्टोबरात रस्त्यापलीकडे खणायला सुरुवात झाली, आणि गस-व्हर्लीननं काउंटीच्या गावी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दुसरा मजला, मागं गाड्या लावायची जागा, झाड एकही नाही. घराला गिऱ्हाईक मिळेना, तसंच कुलूप लावून निघायचं ठरलं.

सामान भरायला सगळं गाव आलं. सांगावं लागलं नाही. पुरुष कपाटं उचलत होते, बायकांनी वाटेत खायला डबे आणले होते, वेंडेलनं फळांची टोपली पाठवली होती, तिला रिबीन होती. कुणीही ते का चाललेत याबद्दल अक्षर बोललं नाही. काउंटीच्या गावी दवाखाना जवळ पडेल, बरं झालं, असं म्हणत होते. गसला ट्रकच्या पुढच्या सीटवर बसवलं होतं, नळी लावून. आता पाहुणं कुणी नव्हतं.

ओपलबाई चालत आल्या. केक नव्हता, हात रिकामे होते. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“लोर्ना, त्या पोरीला मी माझ्या घरी का ठेवलं असं वाटलं तुला?”

“तुमच्याकडे खोली चांगली आहे म्हणून.”

“उन्हाळ्यात मी त्याच खोलीत उशाशी ओला टॉवेल घेऊन झोपते. मी वेंडेलची आई आहे. माझ्या तोंडून ते तिच्या यंत्रात जाऊ द्यायचं नव्हतं मला. म्हटलं, तिला मी घरी ठेवून घेतलं की माझी ना नाही हे तुम्हाला कळेल, तळघरात तुम्ही सगळे बोलाल, मी पुढं बसून ऐकेन, आणि घरी जाऊन त्याला फोन करेन, की बाबा, सगळं गाव माझ्या तोंडावर बोललं आज. त्याशिवाय तो ऐकणारा नाही. तू उठलीस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा. म्हटलं, आता ही बोलणार.”

हातातली खुर्ची मी खाली ठेवली. आजूबाजूचे सगळे थांबले होते.

“ओपलबाई,” ट्रकमधून गस म्हणाला, “तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटायलाच हवं होतं, गस.”

मग मी बोलले. ओरडले नाही, पण सगळं बोलले. पडद्यांचं, खिडक्यांचं, त्यांच्या पोराच्या कायद्याचं. मी थांबले तर पोस्टातली बाई बोलायला लागली. तिच्यामागून नॉर्बर्ट, मग डेरिलची आई, की डेरिल घरी आला की अंगणात कपडे काढतो आणि नातवंडं त्याच्या जवळ जात नाहीत. माणसं कपाट मध्येच टेकवून बोलत होती. ओपलबाईंनी ती खुर्ची ओढली, गसच्या अंगणात बसल्या आणि प्रत्येकाकडे बघत ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांनी डोळे पुसले, पण उठल्या नाहीत. रस्त्यापलीकडे यंत्र खणतच होतं.

सगळ्यात शेवटी व्हर्लीन बोलली. ट्रकची चावी तिच्या हातात होती.

“मी तीन वर्षं झोपले नाहीये,” ती ओपलबाईंना म्हणाली. “तो झोपला की मी त्याच्या छातीवर हात ठेवून पडून असते. हलायची थांबली तर कळावं म्हणून.”

गसनं खिडकीतून मान बाहेर काढली. “मला कधी बोलली नाहीस.”

व्हर्लीननं त्याच्याकडे बघितलं, मग ट्रकला वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडून चढली, आणि त्याच्या नळीला पडलेला पीळ सोडवून तिनं ट्रक सुरू केला.